मोटारवाहन तंत्रज्ञान कौशल्य स्पर्धा

मोटारवाहन तंत्रज्ञान कौशल्य स्पर्धा म्हणजे वाहनांची तपासणी, दोषनिदान, दुरुस्ती आणि देखभाल यांतील विद्यार्थ्यांचे व शिकाऊ कारागिरांचे कौशल्य प्रत्यक्ष कामातून पारखणारी स्पर्धा होय. लेखी परीक्षेपेक्षा तिचे स्वरूप वेगळे असते. स्पर्धकासमोर मुद्दाम बिघाड करून ठेवलेले वाहन किंवा त्याचा एखादा भाग ठेवला जातो. बिघाड नेमका कोठे आहे, तो कसा सिद्ध झाला आणि दुरुस्ती निर्मात्याने ठरवलेल्या मापात झाली की नाही, यांवर गुण दिले जातात.

या विषयातील सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्ल्डस्किल्स ही असून भारतात तिच्यासाठीची निवड इंडियास्किल्स या राष्ट्रीय स्पर्धेतून होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या (आयटीआय) प्रशिक्षणार्थ्यांसाठीची अखिल भारतीय कौशल्य स्पर्धा आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या बाहा, सुप्रा, फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धाही याच क्षेत्राशी संबंधित आहेत.

इतिहास

व्यवसाय शिक्षणाकडे तरुणांचे लक्ष वळावे, या हेतूने १९४७ साली स्पेनमध्ये शिकाऊ कामगारांची राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यात आली. १९५० साली माद्रिद येथे स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५३ साली जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, मोरोक्को आणि स्वित्झर्लंड हे देश तीत सहभागी झाले. याच उपक्रमाचे पुढे वर्ल्डस्किल्स या संघटनेत रूपांतर झाले. आता ही स्पर्धा साधारणतः दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते. लाइपझिग (२०१३), साओ पाउलो (२०१५), अबू धाबी (२०१७), कझान (२०१९) आणि ल्यों (२०२४) ही अलीकडील यजमान शहरे होत. २०२२ साली शांघाय येथे ठरलेली स्पर्धा कोविड साथीमुळे रद्द झाली आणि त्या वर्षी निरनिराळ्या देशांत विषयवार स्पर्धा घेण्यात आल्या. ४८ वी स्पर्धा २०२६ सालासाठी पुन्हा शांघायकडे सोपवण्यात आली.

अमेरिकेत १९६५ साली स्थापन झालेल्या आणि आता स्किल्सयूएसए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या वार्षिक स्पर्धांतही मोटारदुरुस्ती हा विषय असतो.

भारत २००६ साली वर्ल्डस्किल्सचा सदस्य झाला आणि २००७ साली जपानमधील शिझुओका येथील स्पर्धेत प्रथम उतरला. पुढे भारताच्या सहभागाची जबाबदारी राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाकडे आली.

स्पर्धेतील विषय

वर्ल्डस्किल्समध्ये वाहनांशी संबंधित कामांचे स्वतंत्र विषय केलेले आहेत. ‘ऑटोमोबाइल टेक्नॉलॉजी’ या विषयात इंजिन, विद्युत यंत्रणा, ब्रेक, स्टीअरिंग, निलंबन आणि गिअर बॉक्स यांचे काम असते. ‘ऑटोबॉडी रिपेअर’मध्ये अपघातग्रस्त वाहनाचा सांगाडा व पत्रा मूळ मापात आणावा लागतो. ‘कार पेंटिंग’मध्ये पृष्ठभाग तयार करणे, रंगाची छटा जुळवणे आणि फवारणी यांचा समावेश होतो. अवजड वाहनांसाठी वेगळा विषय आहे.

मोटारवाहन तंत्रज्ञानाचे काम चार दिवसांत विभागलेले असते. स्पर्धक आळीपाळीने एका कामाच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर जातात आणि प्रत्येक ठिकाणी काही तासांची मर्यादा असते. कामाचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत :

इंजिन नियंत्रण प्रणाली : इंजिन सुरू न होणे, धक्के देणे किंवा धुरात दोष असणे या लक्षणांवरून बिघाडाचे मूळ शोधणे.

विद्युत यंत्रणा : दिवे, चार्जिंग, काचा, कुलपे आणि वाहनातील नियंत्रण-संगणकांचे परस्पर संदेशवहन तपासणे.

ब्रेक, स्टीअरिंग आणि निलंबन : एबीएसची तपासणी, डिस्कची जाडी व डगमग मोजणे, चाकांचे कॅम्बर, कॅस्टर व टो हे कोन जुळवणे.

इंजिनाचे यांत्रिक काम : इंजिन उघडून क्रँकशाफ्ट, बोअर, पिस्टन व बेअरिंग यांची मापे घेणे, कोणता भाग पुन्हा वापरता येईल हे ठरवणे आणि जोडणी करणे.

गिअर बॉक्स : सुटा करून झीज पाहणे, फटी मोजणे आणि योग्य जाडीच्या चकत्या टाकून पुन्हा जोडणे.

विद्युत व संकरित वाहनांचा प्रसार झाल्यावर उच्च दाबाच्या विद्युत यंत्रणेवरील सुरक्षित कामालाही महत्त्व आले. अशा वाहनावर हात घालण्यापूर्वी इन्सुलेटेड हातमोजे तपासणे, उच्च दाबाचा पुरवठा तोडणारा प्लग काढून स्वतःजवळ ठेवणे, धारित्रांतील भार उतरेपर्यंत ठरावीक वेळ थांबणे आणि दाब शून्य झाल्याची मापकाने खात्री करणे, हा क्रम पाळावा लागतो. हा क्रम चुकल्यास पुढील काम अचूक असले तरी गुण जातात. प्रत्यक्ष कार्यशाळेत तीच चूक जिवावर बेतू शकते.

दोषनिदान

दोषनिदान हा या स्पर्धेचा गाभा मानला जातो. सर्वसाधारण गॅरेजमध्ये संशयित भाग बदलून पाहण्याची पद्धत रूढ आहे. नवा भाग बसवल्यावर गाडी सुधारली तर निदान बरोबर, नाही तर दुसरा भाग, असा तो क्रम असतो. स्पर्धेत ही पद्धत निरुपयोगी ठरते. पुराव्याशिवाय बदललेल्या भागाला गुण मिळत नाहीत आणि त्यात वेळही जातो.

आजच्या वाहनातील नियंत्रण-संगणक बिघाडाची नोंद एका अक्षराच्या व चार अंकांच्या संकेताने करतो. सोळा पिनांच्या जोडणीतून स्कॅनर लावला की तो संकेत वाचता येतो. परंतु संकेत म्हणजे निदान नव्हे. ‘पी०१७१’ हा संकेत इंजिनातील मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी असल्याचे सांगतो. हा संकेत दिसताच धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची चूक अनेकदा होते. वस्तुतः सेन्सर आपले काम चोख बजावत असतो आणि खरी परिस्थितीच कळवत असतो.

अशा वेळी तयार स्पर्धक संगणक इंधनाच्या मात्रेत करत असलेल्या दुरुस्तीचे आकडे पाहतो. इंजिन मंद गतीने चालत असताना ही दुरुस्ती फार मोठी असेल आणि गती वाढवल्यावर ती कमी होत असेल, तर हवेच्या नळीला गळती असण्याचा संभव अधिक असतो; कारण थोड्या हवेत गळतीचा वाटा मोठा ठरतो आणि जास्त हवेत तो नगण्य होतो. उलट भार वाढताना दुरुस्तीही वाढत गेली, तर इंधन पंप, गाळणी किंवा हवा मोजणारा सेन्सर यांच्याकडे वळावे लागते. एकही पाना न लावता शोधाची दिशा अशा रीतीने निश्चित होते.

विद्युत यंत्रणेतही हेच तत्त्व लागू पडते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. दिवा मंद असल्यास बल्ब बदलण्यापूर्वी तो चालू ठेवून वायरीच्या दोन टोकांमधील दाबाची घट मोजली जाते. जमिनीच्या, म्हणजे अर्थच्या, जोडणीवर ही घट व्होल्टच्या एकदोन दशांशांहून अधिक आढळल्यास गंज किंवा सैल नटबोल्ट हे कारण असू शकते. नियंत्रण-संगणकांना जोडणाऱ्या कॅन या संदेशवाहिनीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात. त्यामुळे पुरवठा बंद करून दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम यायला हवा. १२० ओहम आल्यास एक टोक तुटलेले आहे आणि शून्याच्या जवळ आल्यास तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, असे समजते. शालेय विज्ञानातील समांतर जोडणीचे गणित येथे थेट उपयोगी पडते.

गुणदान

गुणदानाचे दोन प्रकार आहेत. जेथे माप किंवा होय-नाही असे उत्तर शक्य असते, तेथे मोजमापावर आधारित गुण दिले जातात. उदाहरणार्थ, क्रँकशाफ्टच्या जर्नलचा व्यास मायक्रोमीटरने शंभरांश मिलिमीटरपर्यंत बरोबर वाचला का, सिलिंडर हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूस ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या टॉर्कने आवळले का, हे तपासले जाते. जेथे कामाचा दर्जा ठरवायचा असतो, तेथे परीक्षक शून्य ते तीन या श्रेणीत निर्णय देतात. शून्य म्हणजे उद्योगातील मानकापेक्षा कमी आणि तीन म्हणजे उत्कृष्ट. परीक्षकांच्या श्रेणींत एकाहून अधिक फरक पडल्यास चर्चा करून पुन्हा निर्णय घ्यावा लागतो.

सहभागी देशांचे तज्ज्ञच परीक्षक असतात. तथापि कोणीही आपल्या देशाच्या स्पर्धकाला गुण देत नाही. पहिल्या तीन क्रमांकांना सुवर्ण, रौप्य व कांस्य पदके मिळतात. पदक न मिळालेल्या, परंतु ठरावीक गुणपातळी ओलांडणाऱ्या स्पर्धकाला ‘मेडॅलियन फॉर एक्सलन्स’ हे सन्मानचिन्ह दिले जाते. ही पातळी ७०० गुणांची आहे.

वयोमर्यादा

बहुतेक विषयांत स्पर्धेच्या वर्षी स्पर्धकाचे वय २२ वर्षांहून अधिक चालत नाही. मोटारवाहन तंत्रज्ञानालाही हीच मर्यादा लागू आहे. शिवाय वर्ल्डस्किल्समध्ये एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच उतरता येते. दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे प्रशिक्षण, राज्य निवड, राष्ट्रीय निवड आणि पुढील सराव यांसाठी मोजकीच वर्षे मिळतात. या स्पर्धेची माहिती उशिरा मिळणे आणि संधी हुकणे यांत व्यवहारतः फरक राहत नाही.

भारतातील निवडप्रक्रिया

इंडियास्किल्स स्पर्धेत जिल्हा व राज्य पातळीवरून निवडलेले स्पर्धक पुढे राष्ट्रीय फेरीत येतात. काही वर्षी मध्ये विभागीय फेरीही घेतली जाते. २०२१ च्या स्पर्धेसाठी पश्चिम विभागाची फेरी ऑक्टोबर २०२१ मध्ये गांधीनगर येथे झाली आणि राष्ट्रीय फेरी जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत झाली. त्या वेळी सर्व विषय मिळून विजेत्यांच्या यादीत ओडिशा ५१ विजेत्यांसह पहिल्या, महाराष्ट्र ३० विजेत्यांसह दुसऱ्या आणि केरळ २५ विजेत्यांसह तिसऱ्या स्थानी होते. २०२४ ची राष्ट्रीय स्पर्धा मे महिन्यात नवी दिल्लीतील द्वारका येथील यशोभूमी संकुलात भरली.

राष्ट्रीय विजेत्यांना थेट परदेशी पाठवले जात नाही. उद्योगांच्या व प्रशिक्षण संस्थांच्या मदतीने त्यांची सराव शिबिरे घेतली जातात आणि त्यांतून अंतिम संघ ठरतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची भूमिका

भारतात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. तिच्या अंतर्गत आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा व्यवसाय शिकवला जातो. दोन्हींसाठी दहावी उत्तीर्ण ही अट आहे. अलीकडे विद्युत वाहनांसाठी मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा व्यवसायही सुरू झाला. महाराष्ट्रातील संस्थांचे नियंत्रण व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे.

या संस्थांतील प्रशिक्षणार्थ्यांसाठी १९६४ साली अखिल भारतीय कौशल्य स्पर्धा सुरू झाली. तिच्या विषयांत फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्या जोडीला मेकॅनिक मोटर व्हेईकल आणि मेकॅनिक डिझेल यांचाही समावेश करण्यात आला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यांत काम शिकणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळी स्पर्धा असे. अशा रीतीने वर्ल्डस्किल्समध्ये भारताने प्रवेश करण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधीपासून देशात मोटारदुरुस्तीच्या स्पर्धांची परंपरा होती.

महाराष्ट्रातील स्थिती

वाहन उद्योग आणि महाराष्ट्र यांचा संबंध जुना आहे. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. वाहनांची चाचणी व संशोधन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे मोठे वाहन कारखाने आहेत. या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना शिकाऊ उमेदवारीच्या काळात आधुनिक वाहने व उपकरणे हाताळायला मिळतात.

मराठवाड्याच्या सीमाभागात परिस्थिती वेगळी आहे. धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे तालुक्याचे गाव पुणे–सोलापूर–हैदराबाद या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेले आहे. पुण्यापासून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. जवळपास वाहन कारखाना नाही. परंतु महामार्गावरील मालवाहतूक, ऊसतोडीच्या हंगामातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि दुचाकींची वाढती संख्या यांमुळे दुरुस्तीचे काम बारमाही असते. अशा गावांतील अनेक मुले शाळेत असतानाच गॅरेजमध्ये हाताखाली काम करू लागतात. नीती आयोगाने २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत या जिल्ह्याचा समावेश होता.

गॅरेजमध्ये घडलेल्या विद्यार्थ्याची जमेची बाजू म्हणजे हाताला बसलेली सवय, आवाजावरून दोष ओळखण्याची शक्ती आणि कामाचा वेग. स्पर्धेसाठी त्याला तीन गोष्टी नव्याने आत्मसात कराव्या लागतात : अंदाजाऐवजी माप घेणे, घेतलेले माप लिहून ठेवणे आणि दुरुस्ती-पुस्तिकेतील मूल्याशी ते ताडून पाहणे. या तिन्हींसाठी महागडे वाहन लागत नाही. मल्टिमीटर, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच आणि एखादे जुने इंजिन एवढ्यावर त्यांचा पाया घालता येतो.

मात्र त्यापुढे उपकरणांची उणीव जाणवते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतरच्या वाहनांत सेन्सरांची व नियंत्रण-संगणकांची संख्या बरीच वाढली. जुन्या इंजिनावर शिकलेला विद्यार्थी अशा वाहनापुढे प्रथमच स्पर्धेत उभा राहिला, तर त्याचा बराच वेळ ओळख करून घेण्यात जातो.

भारताची कामगिरी

कझान येथील २०१९ च्या स्पर्धेत भारताने १ सुवर्ण, १ रौप्य आणि २ कांस्य पदके मिळवली. ती जलतंत्रज्ञान, वेब तंत्रज्ञान, दागिने घडवणे आणि ग्राफिक डिझाइन या विषयांतील होती. ल्यों येथे २०२४ साली भारताने ६० स्पर्धक पाठवले आणि ४ कांस्य पदके मिळवली. ती केक व मिठाई, इंडस्ट्री ४.०, हॉटेल स्वागतकक्ष आणि नवीकरणीय ऊर्जा या विषयांत मिळाली. या दोन्ही स्पर्धांतील पदकांत मोटारवाहन गटातील एकही पदक नव्हते. जगातील सर्वांत मोठ्या वाहन बाजारपेठांपैकी एक असलेल्या देशाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय ठरते.

चीनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. चीन २०१० साली वर्ल्डस्किल्सचा सदस्य झाला आणि २०११ साली लंडन येथे प्रथम उतरला. २०१५ साली साओ पाउलो येथे युन्नान प्रांतातील बाओशान या दूरच्या भागातून आलेल्या यांग जिनलोंग याने कार पेंटिंगमध्ये सुवर्णपदक पटकावले. तो हांगझौ येथील तंत्रशाळेचा विद्यार्थी होता. २०१७ साली अबू धाबी येथे त्याच विषयातील सुवर्णपदक त्याच तंत्रशाळेच्या च्यांग यिंगचंग याला मिळाले. एकाच संस्थेत विषयाची परंपरा निर्माण झाली की यश एका विद्यार्थ्यापुरते मर्यादित राहत नाही, हे यावरून दिसून येते.

अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धा

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील स्पर्धांचा भर दुरुस्तीऐवजी वाहनाच्या रचनेवर असतो. बाहा ही स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत सुरू झाली. भारतात एसएईइंडिया या संस्थेने २००७ साली मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे ती प्रथम भरवली. विद्यार्थी खडबडीत रस्त्यावर चालणारे एकआसनी वाहन स्वतः आखतात व बांधतात. मूळ प्रकारात सर्व संघांना एकाच प्रकारचे सुमारे १० अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागत असल्याने फरक पडतो तो सांगाडा, निलंबन आणि वजन यांमुळे. चार तासांची सहनशक्ती फेरी ही तिची सर्वांत कठीण कसोटी समजली जाते. विद्युत वाहनांसाठी ई-बाहा २०१५ पासून होते.

सुप्रा ही शर्यतीच्या छोट्या मोटारींची स्पर्धा २०११ साली सुरू झाली. फॉर्म्युला भारत ही अशीच दुसरी स्पर्धा असून ती कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ आणि मुंबईतील आयआयटी यांचे संघ या प्रकारच्या स्पर्धांत उतरत आले आहेत. आयआयटी मुंबईच्या संघाने इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथील फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत स्वतः बनवलेल्या विद्युत मोटारी नेल्या आहेत.

या स्पर्धा सांघिक असून त्यांत खर्चाचा अहवाल, रचनेचे समर्थन आणि विपणन यांनाही गुण असतात. वर्ल्डस्किल्सच्या मोटारवाहन विषयात मात्र स्पर्धक एकटाच असतो.

शैक्षणिक महत्त्व

स्पर्धेत भाग घेतल्याने विद्यार्थ्याला सेवा केंद्रे, कारखाने आणि प्रशिक्षण संस्था यांत कामाच्या संधी मिळू शकतात. महाराष्ट्रात आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाचा मार्गही उपलब्ध आहे. वैयक्तिक लाभाखेरीज कार्यशाळेच्या शिस्तीवरही स्पर्धेचा परिणाम होतो. हत्यारे जागेवर ठेवणे, आसनावर व चाकाजवळ आच्छादन घालणे, सांडलेले तेल लगेच पुसणे आणि ग्राहकाला समजेल अशा शब्दांत दोष लिहून देणे, या सवयी गुणदानाचा भाग असल्यामुळे सरावातच अंगी बाणतात. ब्रेक किंवा स्टीअरिंगवर काम करणाऱ्या कारागिराच्या अचूकतेवर अनेकांचे प्राण अवलंबून असतात, हे लक्षात घेता या सवयींचे मोल पदकापुरते राहत नाही.

मर्यादा

ग्रामीण विद्यार्थ्यांपुढील पहिली अडचण भाषेची आहे. आयटीआयमधील विद्यार्थी बहुधा मराठी माध्यमातून आलेला असतो, तर निर्मात्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका व स्कॅनरवरील मजकूर प्रायः इंग्रजीत असतो. चेन्नई येथील राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था व्यवसाय अभ्यासक्रमांची पुस्तके हिंदी व प्रादेशिक भाषांतही प्रकाशित करते. तथापि विशिष्ट वाहनाचा विद्युत नकाशा वाचण्यासाठी ठरावीक इंग्रजी संज्ञा अवगत असणे आवश्यक ठरते. दुसरी अडचण उपकरणांची आणि तिसरी निदेशकांच्या सततच्या प्रशिक्षणाची आहे.

काही मोजक्या स्पर्धकांवर खर्च करण्यापेक्षा सर्व प्रशिक्षणार्थ्यांचा दर्जा उंचावावा, असाही आक्षेप घेतला जातो. स्पर्धेचे प्रश्न, गुणपत्रिका आणि कामाची मानके नियमित वर्गात वापरल्यास हा आक्षेप बऱ्याच अंशी दूर होतो. वर्ल्डस्किल्सची व्यावसायिक मानके सर्वांसाठी खुली असल्याने कोणत्याही तालुक्यातील निदेशक त्यांच्या आधारे वर्गात छोटी स्पर्धा घेऊ शकतो. मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात मुलींचे प्रमाण अद्याप अल्प आहे. स्पर्धेच्या नियमांत मात्र मुलगा व मुलगी असा भेद नाही.

हेही पहा

वर्ल्डस्किल्स
औद्योगिक प्रशिक्षण संस्था
शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१
भारत स्टेज उत्सर्जन मानके
वालचंद हिराचंद
उमरगा तालुका